यंत्रावर एकच माणूस

शनिवारी दुपारी आमच्या धर्मगुरुनिवासाच्या खालच्या सभागृहातून एक आवाज वर येतो. प्रथम एक यंत्र सुरू होते, मग दुसरे, मग तिसरे. आणि थोड्याच वेळात कौलांवर पावसाची सर धरावी तसा तो आवाज एकजीव होऊन जातो. तेथे आमचा शिवणवर्ग भरतो. एकंदर आठ यंत्रे आहेत. सहा पायाने चालवायची, दोन विजेच्या मोटरवर चालणारी. सिस्टरांनी हा वर्ग पुष्कळ वर्षांपूर्वी सुरू केला. आज वसईच्या या पश्चिम पट्ट्यातील एक वयोवृद्ध बाई तो सांभाळतात. सारे गाव त्यांना मावशी म्हणते, आम्हीही म्हणतो. नवरीचा पोशाख, पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक, नाताळचा नवा सदरा, यांपैकी काही ना काही ज्या घरात त्यांच्या हातून शिवून गेलेले नाही, असे घर आमच्या धर्मग्रामात शोधावेच लागेल.

या वर्गाच्या दारावर आम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात एक पाटी लावली होती : 'बारा वर्षांखालील मुलांनी आत येऊ नये.' पाटी साधी, हेतू स्वच्छ. लहान मुलांना सुईपासून दूर ठेवावे, याला कोण हरकत घेणार? कोणी घेतलीही नाही. त्या पाटीमागे एक जुनी गोष्ट दडलेली होती आणि ती आम्ही कोणाला सांगितली नव्हती. वाचकहो, आज ती सांगावी म्हणूनच लेखणी हाती घेतली आहे.

गेल्या वर्षी पाऊस सरला आणि धर्मशिक्षणाचे वर्ग पुन्हा नियमित सुरू झाले. शनिवारी वर्ग सुटला की मुले मैदानाकडे पळत. एक मुलगी मात्र पळत नसे. ती सभागृहाच्या दाराशी, पाटीच्या बरोबर खाली, पायरीवर बसून राही. वय नऊ, दोन घट्ट वेण्या, गुडघ्यांवर कोपरे टेकलेली आणि नजर आत. दोन-तीन शनिवार आम्ही हे पाहिले. एकदा खाली उतरून विचारले,

"काय गं बाय, घरी नाही जायचं?"

"मावशींचा पाय बघते, फादर."

आम्हांला गंमत वाटली. शिवण पाहणारे सगळे हात पाहतात. हिची नजर पायावर. आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर निघून गेलो.

त्यानंतर आठ दिवसांनी मावशी जिना चढून आमच्या खोलीत आल्या. गुडघेदुखीमुळे त्या सहसा वर येत नाहीत. खुर्चीवर बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "फादर, तेवढी पाटी काढा."

आम्ही त्यांना एक लहानसे प्रवचनच दिले. सुई किती वेगाने चालते, मुलांचे लक्ष कसे क्षणात उडते, उद्या काही झाले तर आईबापांना आम्ही काय तोंड दाखवायचे, असे मुद्द्यामागून मुद्दे मांडले. सेमिनरीतील तर्कशास्त्राचा अभ्यास अशा वेळी उपयोगी पडतो. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या,

"ती पोर घरी मशीन चालवते, फादर. परवा मला विचारत होती, कापडाच्या खाली दोऱ्याचं घरटं का होतं. नुसतं बघणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही."

मुलीची आई वसईच्या पूर्वेकडील कारखान्यांतून नगावर शिवायला कपडे आणते. घरी मोटरचे यंत्र आहे. तयार झालेले गाठोडे पोचवायला आई गेली की तास-दीड तास घर रिकामे. तेवढ्यात ही खुर्चीवर दोन उशा रचते, खाली पायाचे अंगठे कसेबसे टेकवून मोटरचे पायडल दाबते आणि चिंध्या शिवते. आई येण्यापूर्वी सारे जागच्या जागी ठेवते.

"तिचा हात मशीनला लागणारच," मावशी म्हणाल्या. "तो आपल्या समोर लागू दे की आपल्या माघारी, एवढंच आपल्या हातात आहे."

विचार करून सांगतो, असे म्हणून आम्ही त्यांना निरोप दिला. त्या रात्री झोप मात्र आली नाही.

१९७८ साल. डिसेंबर महिना. आम्ही नऊ वर्षांचे आणि आमची थोरली बहीण तेरा वर्षांची. घरी आईचे काळे, सोनेरी वेलबुट्टीचे, पायाने चालवायचे यंत्र होते. वाडीतील भाजी आणि केळी यांवर घर चाले. पण नाताळच्या आधीचा महिना त्या यंत्राचा असे. शेजारपाजारच्या मुलींचे फ्रॉक आई रात्री उशिरापर्यंत शिवत बसे. थोरलीचा हात चांगला होता. सरळ टिपा मारायचे काम आई तिला निःशंकपणे देई आणि ती ते मोठ्या ऐटीत करी.

त्या संध्याकाळी आई विहिरीवर गेली होती. थोरली यंत्रावर बसून सुईत दोरा ओवत होती. दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून, एक डोळा मिटून, डाव्या हाताची तर्जनी तिने सुईच्या नेढ्यामागे धरली होती. तिचे पाय बाजूला, स्टुलाच्या आडव्या दांडीवर होते. आम्ही यंत्राखाली बसलो होतो. खालचे लोखंडी पायटे म्हणजे आमच्या एस.टी.चा ब्रेक होता आणि आमची गाडी त्या क्षणी निर्मळच्या यात्रेला निघाली होती. आम्ही दोन्ही हातांनी पायटे दाबले.

चाक जेमतेम अर्धे फिरले असेल. वरून आलेला आवाज किंकाळीचा नव्हता. कोणीतरी एकदम श्वास आत ओढावा तसा होता. सुई नखातून आरपार गेली होती. थोरलीने हिसडा देऊन हात मागे घेतला आणि सुई मोडली. अर्धी यंत्रात राहिली, अर्धी बोटात.

वडिलांनी तिला सायकलवर बसवून डॉक्टरांकडे नेले. तुकडा निघाला, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, बोटाला पांढरी पट्टी आली. रात्री आईने विचारले, "कसं झालं गं?" थोरलीने एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "माझाच पाय लागला."

आम्ही काही बोललो नाही. त्या रात्री नाही, नाताळात नाही, पुढेही कधी नाही. दुसऱ्या दिवशी आईने यंत्रावर लाकडी झाकण बसवले आणि त्याला कुलूप घातले. काम असेल तेव्हा ती स्वतः उघडी, संपले की पुन्हा बंद करी. थोरलीने एकदोनदा किल्ली मागितली. "तुझं लक्ष नसतं," असे उत्तर तिला मिळाले. तिसऱ्यांदा तिने मागितली नाही. पुढे ती भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाऊ लागली, लग्न झाले, संसार झाला; शिवण मात्र तिच्या हाती पुन्हा आले नाही. आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत गेलो. तेथे झग्याचे बटण तुटले तर आम्ही हातसुईने लावत असू. पण शिवणयंत्र असलेल्या खोलीत आमचा पाय जात नसे. पुढे आम्ही धर्मगुरू झालो, इतरांचे पापनिवेदन ऐकू लागलो. आई गेली. तिला खरे काय घडले ते अखेरपर्यंत कळले नाही.

सकाळी मिस्सा झाल्यावर आम्ही स्टूल घेऊन सभागृहाच्या दाराशी गेलो आणि पाटी उतरवली.

मुलीच्या आईला बोलावून घेतले. सारे ऐकून ती बिचारी ओशाळली, घाबरली आणि तिने मुलीकडे रागाने पाहिले. मावशींनी तिला समजावले. ठरले असे, की मुलगी पुरती शिकेपर्यंत आईने घरातून बाहेर पडताना मोटरचा प्लग काढावा आणि पायडल उंच कपाटात ठेवावे; आणि मुलीने वर्गात पायाच्या यंत्रावरच शिकावे. मोटरला पायाचा जरासा भार पुरतो आणि ती धावत सुटते. पायाचे यंत्र शिकणाऱ्याच्या ताकदीइतकेच चालते. आमचीही एक अट होती : शिकवणी चालू असताना आम्ही समोर बसणार. मावशी हसल्या. "बसा की. तुम्हांलाही येत नाहीच."

पहिल्या शनिवारी मावशींनी यंत्रातून सुईच काढून टाकली. मग हाताच्या चाकाच्या मधोमध जी गोल चकती असते ती सैल केली. बॉबिन भरताना ती तशी सैल करतात. चाक फिरते, पण सुईचा दांडा जागचा हलत नाही. कापड दाबून धरणारा पायही वर उचलून ठेवला. आता यंत्रात टोचण्यासारखे काही उरले नाही. दोन्ही पावले पायट्यावर सपाट टेकतील आणि कोपर टेबलाच्या पातळीत येईल असे बुटके स्टूल आणले. "ज्याचा पाय पुरत नाही त्यानं थांबायचं," मावशी म्हणाल्या. "अंगठ्यावर यंत्र चालत नाही." वेण्या वर बांधल्या. गळ्यातील पदकाची साखळी फ्रॉकच्या आत गेली. ढगळ बाह्या कोपरापर्यंत वर सरकल्या.

मग तासभर एकच काम : चालवणे आणि थांबवणे. उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवून सुरुवात द्यायची आणि मग पायांनी ताल धरायचा. ताल चुकला की चाक उलटे फिरते. दोरा असता तर तुटला असता. मावशींनी टाळी वाजवली की चाकावर तळवा ठेवून यंत्र थांबवायचे. पहिल्या टाळीला मुलीचे यंत्र पाच-सहा फेरे पुढे गेले. तासाच्या अखेरीस टाळी आणि थांबणे यांत अंतर उरले नाही. मुलगी कंटाळेल असे आम्हांला वाटले होते. ती घामाघूम झाली होती आणि हसत होती.

दुसऱ्या शनिवारी सुई बसली, पण यंत्र बंदच राहिले. यंत्र कोठे कोठे इजा करते ते मुलीने बोट दाखवून सांगायचे होते. सुई तिने लगेच दाखवली. मावशींनी उरलेली ठिकाणे एकेक करून दाखवली. चामड्याचा पट्टा खालच्या चाकातून वर येतो, तेथे फ्रॉकचा घेर किंवा बोट सापडते. खालचे मोठे चाक. आणि समोरचा तो लहानसा दांडा, जो दोरा ओढत सारखा वर-खाली होतो. मूल टाका पाहण्यासाठी वाकले तर तो थेट डोळ्याच्या अंतरावर येतो. म्हणून पाठ सरळ ठेवायची आणि टाका नीट दिसत नसेल तर मान पुढे न नेता दिवा जवळ आणायचा.

तिसऱ्या शनिवारपासून खरी शिवण सुरू झाली, पण दोऱ्याविना आणि कापडाविना. वहीचा रेघांचा कागद यंत्राखाली घातला आणि रेघेवरून नुसती भोके पाडत जायचे. कागदाने सुई बोथट होते, म्हणून त्या कामाची सुई वेगळी डबीत ठेवली. मावशींनी यंत्राच्या काळ्या पाठीवर सुईच्या दोन्ही बाजूंना खडूने एकेक रेघ ओढली. डावा तळवा डाव्या रेघेबाहेर, उजवा उजव्या रेघेबाहेर. बोटे त्या दोन रेघांच्या आत कधीही जायची नाहीत. कापड पुढे ढकलायचे नाही आणि मागून ओढायचेही नाही. ते काम सुईखालचे पोलादी दाते करतात. ओढले तर सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. तुकडा कोठे उडेल याचा नेम नसतो. कापडाला टाचण्या लावल्या असतील तर सुई तेथे पोचण्याआधी थांबून टाचणी काढायची. कोपरा आला की सुई कापडात खाली रोवायची, दाबणारा पाय उचलायचा, कागद वळवायचा, पाय पुन्हा खाली. सरळ रेघ, मग वळण, मग चौकोन. त्या छिद्रांच्या कागदांची एक चळत मावशींच्या कपाटात अजून आहे. पहिल्या कागदावरील रेघ आगाशीला निघून नालासोपाऱ्याला पोचली आहे. सातवा कागद उजेडात धरला तर छिद्रे आखल्यासारखी दिसतात.

या दिवसांत आम्ही रात्री थोडेफार वाचनही करीत होतो. अमेरिकेतील एलियास हाउ याने १८४६ साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते. त्याच्या यंत्राच्या सुईचे नेढे टोकाजवळ होते. त्यामुळे सुईला कापडातून पूर्ण पलीकडे जावे लागत नाही. ती दोऱ्याचा फास खाली नेते, खालचा दोरा त्यात अडकतो, आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मध्ये बसते. पुढे आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याच्या कंपनीने हप्त्याने विक्री सुरू केल्यामुळे हे यंत्र साध्या घरांत पोचले. यंत्रांविषयी नेहमी साशंक असणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले. पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. आमच्याच पालघर जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम केले, त्यातही मुलांच्या हाती खऱ्या वस्तू देण्यावर विश्वास होता. हे सारे आम्हांला माहीत नव्हते असे नाही. व्याख्यानांतून आम्ही ते सांगितलेही असेल. दारावरची पाटी मात्र तशीच राहिली होती.

चौथ्या शनिवारी दोरा आला आणि त्याबरोबर मावशींचा सर्वांत कडक नियम. दोरा ओवताना, सुई बदलताना, बॉबिन काढताना दोन्ही पाय पायट्यावरून उचलून जमिनीवर. मोटरचे यंत्र असेल तर प्लग बाहेर. आणि यंत्रावर एकच माणूस. चाकाला हात एकाचा, पायट्यावर पाय त्याचाच, सुईजवळ बोट त्याचेच. मदत करायची असेल तर आधी बसलेल्याने उठायचे.

"दोन माणसं एका मशीनवर आली की सुई कोणाचंच ऐकत नाही," मावशी म्हणाल्या.

आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्यानंतर त्यांनी विचारले, "आणि एवढं करूनही सुई बोटात गेली तर?" मुलगी गप्प. मावशींनी तिच्याकडून ते करवून घेतले. पाय काढायचा. हात ओढायचा नाही. ओढला तर सुई आत मोडते. मोठ्याने हाक मारायची. हाताचे चाक हळूहळू आपल्याकडे फिरवून सुई वर घ्यायची. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचे. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. सुई मोडली असेल तर तिचे सगळे तुकडे जमवून जुळवून पाहायचे. एकही कमी असेल तर तो बोटात असू शकतो, हे डॉक्टरांना सांगायचे. मुलीने हे सारे न घाबरता, पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले. नऊ वर्षांच्या मुलाला हे शिकवता येते आणि ते त्याला पेलतेही, हे पाहून आम्हांला आश्चर्य वाटले. आम्हांला कोणी शिकवले नव्हते. थोरलीलाही नाही.

घरट्याच्या प्रश्नाचे उत्तर तिला त्या दिवशीच मिळाले. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसला नाही, किंवा दाबणारा पाय खाली करायचा राहिला, की दोरा सैल सुटतो आणि कापडाखाली गुंता होतो. "म्हणजे चूक वर असते आणि दिसते खाली," मुलगी म्हणाली. मावशींनी मान हलवली आणि पुढच्या यंत्राकडे वळल्या.

सहाव्या शनिवारी ती पहिली वस्तू शिवायला बसली : धर्मशिक्षणाचे पुस्तक ठेवायला एक साधी कापडी पिशवी. मावशी दुसऱ्या टोकाला एका नवऱ्या मुलीच्या ब्लाउजचे माप घेत होत्या. आम्ही समोर नेहमीच्या खुर्चीवर होतो. मुलीचा दोरा तुटला. ती थांबली, पाय जमिनीवर घेतले, दोऱ्याचे टोक कापून सुईत ओवू लागली. नेढे थोडे खाली होते. तिला ते नीट दिसेना. तिने मान वाकडी केली, एक डोळा मिटला, डावी तर्जनी सुईमागे धरली. आणि आम्ही, केवळ मदतीच्या भावनेने, सुई जराशी वर यावी म्हणून हात पुढे करून चाकाला लावला.

"फादर, हात काढा!"

हात जागीच थबकला. मुलीने सुईजवळचे बोट आधीच मागे घेतले होते. आवाजात उद्धटपणा नव्हता. रस्त्यावर गाडी येताना आपण कोणाला सावध करतो तसा तो होता.

"मशीनवर एकच माणूस," ती म्हणाली. "तुम्हांला फिरवायचं असेल तर मी उठते."

चाक फिरले नव्हते. काहीही घडले नव्हते. यंत्रांचा आवाज पूर्ववत चालू होता आणि मावशींनी मान वर करूनही पाहिले नव्हते. आम्ही हात मांडीवर घेतला. तो थरथरत होता. सत्तेचाळीस वर्षे ज्या क्षणापासून आम्ही पळत होतो, त्याच क्षणात आम्ही शहाण्या, जाणत्या वयात, चांगल्या हेतूने पुन्हा जाऊन उभे राहिलो होतो. या वेळी वाचवले ते ना आमच्या पाटीने, ना आमच्या भीतीने. एका लहान मुलीला खरा धोका काय आहे ते ठाऊक होते आणि ते वडीलधाऱ्या माणसाला सांगायची तिला मुभा होती, म्हणून ती वाचली.

तेव्हा आम्हांला आईचे कुलूप कळले. आई कठोर नव्हती. तिला जे सांगितले गेले त्यावर तिने नियम बेतला. मुलीचाच पाय लागला, मुलीचे लक्ष नसते, म्हणून मुलीला यंत्र नको. तिला खरे कळले असते तर तिने कदाचित आमचे कान उपटले असते आणि दोरा ओवताना यंत्राखाली कोणी बसायचे नाही, असा नियम केला असता. तो नियम योग्य ठरला असता आणि थोरलीचे शिवण चालू राहिले असते. अपघात आम्ही खेळात केला होता. ते बालपणात मोडते. कुलूप मात्र आमच्या मौनाने घातले. आणि वर्गाच्या दारावरची पाटी हे त्याच कुलपाचे दुसरे रूप होते. आपण लपवलेल्या गोष्टीवर उभारलेला नियम दुसऱ्याचे रक्षण करीत नाही. तो आपल्या लपवण्याचे रक्षण करतो.

त्याच संध्याकाळी आम्ही थोरलीच्या घरी गेलो. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आता तिने साठी गाठली आहे. आम्ही धर्मगुरू झाल्यापासून घरचे सगळे आम्हांला फादर म्हणतात. तीही म्हणते, पण 'अरे-तुरे' तिने सोडलेले नाही.

"ये, फादर. जेवून जा."

आम्ही तिच्या शेजारी बसलो आणि सारे सांगितले. मुलीचे, पाटीचे, चाकाचे. शेवटी १९७८ सालचे. ती शेंगा सोलत राहिली.

"मला माहीतच होतं की," ती म्हणाली. "मीच तर खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर बाबांनी तुला मारलं असतं. नाताळात कशाला, असं वाटलं."

"आणि मी गप्प बसलो."

"बसलास." शेंगांची टोपली तिने बाजूला सारली. डाव्या हाताची तर्जनी वर करून पाहिली. नखावर एक उभी रेघ आहे, ती जन्मभराची. "बोट आठ दिवसांत बरं झालं रे. कुलूप लागेल असं नव्हतं वाटलं. त्याचं वाईट वाटायचं. बायका फ्रॉकचं कापड घेऊन आईकडे यायच्या, मी चहा करायची."

आम्ही क्षमा मागितली. तिने 'असू दे' म्हटले नाही आणि 'विसर आता' असेही म्हटले नाही. थोड्या वेळाने विचारले, "त्या मुलीनं खरंच तुला हात काढ म्हटलं?" आणि आम्ही हो म्हणताच ती पदर तोंडाला लावून हसली. पुष्कळ दिवसांनी तिला तसे हसताना पाहिले.

निघताना आम्ही म्हटले, "शनिवारी दुपारी ये. मावशी शिकवतील."

"या वयात?" ती म्हणाली. "पाहू."

तीन शनिवार ती आली नाही. चौथ्या शनिवारी, वर्ग सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर, ती सभागृहाच्या दारात दिसली. चपला बाहेर काढल्या, आत आली आणि भिंतीपाशी उभी राहिली. मावशींनी तिच्याकडे पाहिले, काही विचारले नाही. एक यंत्र रिकामे होते. त्यावरची सुई काढली, चाकाची चकती सैल केली आणि तिला बसायची खूण केली. पिशवी पुरी करून आता उशीचा अभ्रा शिवणारी आमची लहानगी शेजारच्या यंत्रावर होती. तिने आपले यंत्र थांबवले, पाय जमिनीवर ठेवले आणि थोरलीला सांगितले, "आधी चाक आपल्याकडे, आजी. टाळी वाजली की थांबायचं."

थोरलीने चाकावर हात ठेवला. पहिल्या फेऱ्याला ते उलटे गेले. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेळी ताल लागला आणि यंत्र सरळ चालू लागले. आम्ही तेथून चार पावले दूर, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होतो.